नवा कॉम्प्युटर घ्यायचाय. पण किती पैसे घालायचे?

दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आपण चाळीस म्हणालो की बेचाळीसचं मशीन समोर येतं, पन्नास म्हणालो की चौपन्नचं. म्हणून आकडा घरीच ठरवायचा, तोही जुन्या मशीनसमोर बसून.

आधी दुखणं ओळखा. रोजचं काम सुरू करा. मशीन रखडलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातला 'डिस्क'चा आकडा सारखा १०० टक्क्यांवर अडकत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (न फिरणारी, जलद डिस्क) बसवून बघा; पुष्कळदा तेवढ्यानंच काम भागतं. 'मेमरी' नव्वदीच्या पुढे असेल तर रॅम, म्हणजे उघडी कामं धरून ठेवणारी मेमरी, कमी पडतेय. या दोन्ही ठिकाणी निवांत असूनही 'सीपीयू' (प्रोसेसर) सतत शंभरावर असेल, तर मात्र मशीन थकलंय.

पण दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी एक गोष्ट बघायचीच. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाल्या. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट अ‍ॅप तुमचं मशीन बसतं का ते सांगतं. बसत नसेल आणि त्यावर नेट बँकिंग होत असेल, तर त्यात नवी रॅम घालू नका. लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून मुलांना द्या, छान चालेल.

मग वर्षाचा हिशोब. समजा ३५,००० चं मशीन तीन वर्षांत कुथायला लागलं, तर वर्षाला साडेअकरा हजारांहून जास्त पडले. ६०,००० चं सहा वर्षं चाललं तर दहा हजार. म्हणजे महागडं घ्या असं नाही! मेल, यूट्यूब आणि वीजबिल भरणं एवढंच काम असेल, तर ते साठ हजारांचं मशीन सहा वर्षं नुसतं बसून राहील. आपलं मशीन खरोखर किती वर्षं टिकतं, हे मागच्या बिलाची तारीख बघून काढा, अंदाजानं नको.

पैसे कुठे घालायचे? रॅममध्ये. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डलाच (मुख्य सर्किट बोर्डाला) जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर चालवत ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवणाऱ्यानं १६ जीबीच घ्यावी. वेगळं ग्राफिक्स कार्ड, टचस्क्रीन, झगमगता कीबोर्ड यांवर खुशाल काट मारा. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर गोष्ट निराळी.

पैसे बेताचे असतील तर कंपन्यांमधून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे जुने लॅपटॉप बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ते मिळतात आणि नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा अंगानं दणकट असतात. फक्त दुकानदाराला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून मागा.

आता वरची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त किती घालायचे तो आकडा. त्यातून आधी बाकीचा खर्च वजा करा: ऑफिस सॉफ्टवेअर, डेस्कटॉप असेल तर यूपीएस, आणि जुना प्रिंटर किंवा डाँगलवर (परवान्याच्या यूएसबी किल्लीवर) चालणारं, पानं मांडायचं डीटीपी सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चाललं नाही तर त्याची सोय. अँटिव्हायरस मात्र गळ्यात मारून घेऊ नका. विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. "बिलासकट की बिलाशिवाय?" असं विचारलं तर बिलासकटच. १८ टक्के जीएसटी वाचवण्याच्या नादात वॉरंटीच्या वेळी हात हलवत परतावं लागतं. आणि धंद्याची जीएसटी नोंदणी असेल, मशीनही धंद्यालाच लागणार असेल, तर तो कर सहसा क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून, वळता होतो. मग मर्यादा तेवढी वर न्यायला हरकत नाही.

'नो कॉस्ट ईएमआय' (व्याज सवलतीनं वळतं करणारे हप्ते) असेल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी विचारून घ्या. तो खर्च आपल्याच खिशातून जातो.

जुनं मशीन एक्सचेंजमध्ये देणार असाल तर डेटा उतरवून डिस्क काढून घ्या. दुकानदार तिचे पैसे कमी करेल. करू दे.