पाहुण्यांच्या आधी स्वतःची सुट्टी बुक करा
मुक्काम-न्याहारीच्या व्यवसायात घर आणि कामाची जागा एकच, त्यामुळे सुट्टी आपोआप कधीच मिळत नाही. हंगामाचं बुकिंग उघडायच्या आधीच महिन्यातले सलग दोन-तीन दिवस सगळ्या खोल्या बंद दाखवा. नंतर बघू म्हटलं की त्या तारखा भरतातच.

माझ्या मते सर्वांत मोठा फरक पडतो तो किमान दोन रात्रींच्या अटीने. चार खोल्या रोज रिकाम्या झाल्या तर आठवड्यात 28 वेळा चादरी, अभ्रे बदलायचे, बाथरूम घासायचं. दोन रात्रींच्या मुक्कामात तेच 14 वर येतं. एखादं बुकिंग हातचं जाईल, जाऊ द्या.

गरम पाणी, वायफाय, गाडी कुठे लावायची, हे कागदावर लिहून खोलीत ठेवा. रात्री तुमचं दार वाजवायची बरीच कारणं तिथेच संपतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची, तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा आणि कामाचा उरक कमी होणं. दारावरची बेल वाजली की पोटात गोळा येऊ लागला असेल, तर हंगाम संपायची वाट पाहू नका, एक खोली आजच बंद करा.