टाच दुखतेय? सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवायच्या आधी हे वाचा

सकाळी उठून बाथरूमपर्यंत जाताना टाचेत कळ येते, भिंत धरून चालावं लागतं, थोडं चाललं की जरा सुटतं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत परत ठणकायला लागतं, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी शाळेत शिकवते, दिवसभर फरशीवर उभं राहायचं काम, मला हे दुखणं बरेच महिने होतं आणि आता नाहीये. तर सगळ्यात आधी हे ऐका की हे बरं होतं. दहातल्या आठ-नऊ जणांचं ऑपरेशन न करता साधारण वर्षभरात बरं होतं. फक्त आठवड्यात होत नाही, महिने लागतात, आणि बहुतेक लोक तिथेच सोडून देतात, पंधरा दिवस व्यायाम करतात, फरक नाही म्हणतात आणि मग कोणी सांगेल ते तेल आणि कोणी सांगेल ती गोळी सुरू होते.

दुखतं नेमकं काय ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं पटेल. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड चिवट पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात, पायाची कमान तो धरून ठेवतो. त्याच्यावर रोज झेपेल त्यापेक्षा जास्त ताण पडत राहिला की टाचेच्या हाडाला जिथे तो चिकटलेला असतो तिथे दुखायला लागतं, डॉक्टर कागदावर प्लांटर फॅशिआयटिस लिहितात ते हेच. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आणि पोटरी दोन्ही आखडून राहतात, आणि उठल्या उठल्या सगळं वजन एकदम त्याच्यावर पडतं म्हणून पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. खूप वेळ बसून उठल्यावर दुखतं त्याचंही कारण तेच.

घरी ओळखायचं असेल तर बोटं वरच्या बाजूला ओढून धरा आणि टाचेच्या तळाला, आतल्या बाजूला, जिथे कमान सुरू होते तिथे अंगठ्याने दाबून बघा. जीव जाईल असं दुखलं तर बहुतेक हेच आहे. टाचेच्या मागे, जिथे पोटरीची शीर येऊन मिळते तिथे दुखत असेल तर ते वेगळं दुखणं, बरोबर मधोमध गादीत दुखत असेल तर तेही वेगळं असू शकतं, त्यांचे उपाय थोडे वेगळे आहेत.

आता एक्सरे. एक्सरेमध्ये टाचेखाली काट्यासारखं हाड दिसतं आणि मग घरी येऊन सगळ्यांना सांगितलं जातं की हाड वाढलंय, आता काय, ऑपरेशनच. असं नाहीये हो. ज्यांना कधीच टाच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्सरेत ते हाड दिसतं आणि भयंकर दुखणाऱ्या कितीतरी जणांना ते नसतं. दुखणं जायला ते हाड जावं लागत नाही, ते तिथेच राहतं आणि माणूस व्यवस्थित चालायला लागतो. या एका गोष्टीने लोक इतके घाबरतात की मला वाईट वाटतं, म्हणून मुद्दाम सांगतेय.

मुख्य व्यायाम सकाळचा, आणि तो पलंगावरून उतरायच्या आधी करायचा, चहा झाल्यावर नाही. बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पायाची सगळी बोटं मुळापाशी हाताने पकडा आणि नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताने तळपाय चाचपा, पट्टा ताणलेल्या दोरीसारखा हाताला लागला पाहिजे, लागला म्हणजे बरोबर करताय. दहा आकडे मोजा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यातलं एक उठायच्या आधी आणि बाकीचे खूप वेळ बसून उठायच्या आधी. पाय मांडीवर घेता येत नसेल, गुडघे दुखत असतील, तर ओढणी किंवा टॉवेल चवड्याला अडकवून दोन्ही हातांनी ओढा, चालतं. मग उतरताना घरातली मऊ चप्पल पलंगाशेजारीच हवी, थंडगार टाइल्सवर अनवाणी पाय टाकायचा नाही.

दुसरा पोटरीचा. भिंतीवर हात, दुखरा पाय मागे, मागची टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, आणि पुढे झुका, तीस आकडे. मग तोच गुडघा थोडा वाकवून परत. पोटरी आखडलेली असेल तर तळपाय कितीही चोळा, दुखणं परत येतं. उंच टाचांच्या सँडल रोज घालणाऱ्या मुलींची पोटरी फार आखडते, त्यांनी हा सोडूच नका.

तिसरा ताकदीचा, आणि हा कोणीच करत नाही. बिल्डिंगच्या जिन्यात जा, कठडा धरा, पायरीच्या काठावर चवड्यावर उभे राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे बोटं वर वाकलेली राहतील, टाच हवेत. आता तीन आकड्यांत वर, दोन आकडे थांबा, तीन आकड्यांत खाली. हळू म्हणजे खरंच हळू. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमायला लागलं की एका पायावर, बारा-बारा वेळा तीनदा, आणि एक दिवसाआड, रोज नाही. दोनेक आठवड्यांनी पाठीवर सॅक घेऊन त्यात पुस्तकं भरून वजन वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल आधीपेक्षा जास्त दुखलं तर जास्त झालं असं समजायचं आणि कमी करायचं. ज्यांचा तोल जातो किंवा वय झालंय त्यांनी जिन्यात नको, ओट्याला धरून जमिनीवरच करा.

आता पायात काय घालायचं. आपल्या घरात चप्पल घालायची नाही, देवघर आणि स्वयंपाकघर तर नाहीच, हे मला माहितीये, माझ्या सासूबाईंनाही आधी ते चाललं नव्हतं. यावर उपाय एवढाच की घरातली चप्पल वेगळी ठेवा, नवीन आणायची आणि ती कधी उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, हे सांगितल्यावर बहुतेक घरात ऐकतात. देवापाशी बसताना काढा. आणि ओट्यासमोर जाड मॅट टाका, कारण पोळ्या करताना जो अर्धा-पाऊण तास एकाच जागी उभं राहणं होतं ना, त्यानेच बायकांच्या टाचा जातात. एमसीआरची चप्पल मिळते, डायबेटिसवाल्यांसाठी म्हणून दुकानात विचारा, त्याचं रबर मऊ असतं. साधी हवाई चप्पल झिजून पातळ झालेली असेल तर आजच टाका. कोल्हापुरी मला खूप आवडते पण दुखणं असेपर्यंत ती लग्नाकार्यापुरती, तिला ना कमान ना मऊपणा.

बाहेरचा बूट घेताना दोन्ही हातांत धरून वाकवून बघा, तो बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडली तर नको. मागची बाजू घट्ट, टाचेकडे थोडी उंची. आत घालायला सिलिकॉनचे हील कप किंवा कमान असलेले तयार सोल मेडिकलमध्ये मिळतात, आधी तेच वापरून बघा, मापाचे बनवून घेतलेले महागडे सोल बहुतेकांना त्याहून फार वेगळा फायदा देत नाहीत. पावसाळ्यात सगळे प्लॅस्टिकच्या सपाट चपलांवर येतात आणि जुलैत टाचा बोंबलायला लागतात, तेव्हा पावसाळी बूट थोडे मोठ्या मापाचे घ्या म्हणजे आत सोल बसेल, आणि एक कोरडी जोडी ऑफिसात ठेवा.

लोकलबद्दल सांगितल्याशिवाय मुंबईत हे पूर्णच होणार नाही. उभं राहायचं असेल तर सगळा भार एका पायावर टाकून राहू नका, गर्दीत जेवढं जमेल तेवढं वजन इकडून तिकडे करत राहा. बसायला मिळालं असेल तर उतरायच्या आधीचं स्टेशन गेलं की बुटातल्या बुटात बोटं वर उचला, घोटा फिरवा, वीस-तीस वेळा, म्हणजे प्लॅटफॉर्मवरचं पहिलं पाऊल लागणार नाही. आणि गाडी थांबायच्या आधी उडी मारून उतरायचं नाही, जिवाला धोका तर आहेच पण सगळा दणका टाचेवर बसतो. दादरच्या पुलावर सरकता जिना चालू असेल तर पाच मिनिटं रांग लागली तरी तोच घ्या.

चालणं पूर्ण बंद करू नका पण कमी करा आणि तुकड्यांत करा. मरीन ड्राइव्हचा कट्टा काँक्रीटचा, त्यापेक्षा शिवाजी पार्कच्या मातीवर बूट घालून चाला. चौपाटीच्या वाळूत अनवाणी चाल असं खूप जण सांगतात, मऊ वाळूत टाच खाली जाते आणि पट्टा जास्त ताणला जातो, दुखत असताना नको. पोहता येत असेल तर त्यासारखं काही नाही, सायकलही चालेल. वजन वाढलेलं असेल तर चार-पाच किलो कमी झाल्यानेही पायावरचा भार हलका होतो, पण दुखऱ्या पायाने रोज दहा हजार पावलं मोजून ते कमी करायला जाऊ नका, जेवणातून करा.

आता घरगुती. रुईचं पान आणि गरम विटेचा शेक आमच्या आजीपासून चालत आलाय, काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासणंही. बरं वाटतं, रात्री झोप लागते, करा. लाटणं जमिनीवर ठेवून त्यावर तळपाय फिरवणं, किंवा पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून तिच्यावर दहा-पंधरा मिनिटं, तेही चांगलं, दिवसभर उभं राहून आल्यावर तर फारच. पण याने फक्त आराम पडतो, व्यायाम करावाच लागतो. आणि ज्यांना डायबेटिस आहे, पायाला नीट कळत नाही, त्यांनी गरम वीटही नको आणि बर्फही नको. भाजलेलं कळत नाही, जखम होते आणि महिनोनमहिने भरत नाही, हे प्लीज हलक्यात घेऊ नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगा. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, पान हाताळून झालं की हात धुवा.

पेनकिलर रोज घेऊन ढकलू नका, पोट आणि किडनी दोन्हीला महागात पडतं, लावायचं जेल त्यापेक्षा बरं. टाचेत इंजेक्शन देतात ते स्टिरॉइडचं, त्याने लवकर आराम पडतो हे खरं पण तो साधारण काही आठवडेच टिकतो, आणि वारंवार घेतलं तर टाचेची नैसर्गिक गादी पातळ होऊ शकते, पट्टा फाटूही शकतो. डायबेटिस असेल तर काही दिवस साखर वाढते. अजिबात घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण पहिल्याच भेटीत इंजेक्शन सुचवलं तर आधी फिजिओथेरपी करून बघू का असं विचारा. कित्येक महिने नियमित व्यायाम करूनही फरक नसेल तर शॉकवेव्ह म्हणून उपचार असतो, त्यात यंत्राने टाचेवर बाहेरून ध्वनिलहरींचे दणके देतात, विजेचा शॉक नाही, तो विचारा. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं.

खासगी फिजिओ परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या हॉस्पिटलांमध्ये ऑर्थोपेडिक ओपीडी आणि फिजिओथेरपी दोन्ही आहे, सकाळी लवकर जा. हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, १९५५ पासूनची, तिथे पायासाठी लागणाऱ्या साधनांचंही काम होतं.

काही गोष्टींत मात्र घरी थांबायचं नाही. टाचेत मुंग्या येतात, बधिर होते, जळजळते, तर नस दबलेली असू शकते. रात्री पडल्या पडल्याही ठणकतं, सूज आहे, ताप आहे, दोन्ही बाजूंनी टाच दाबली तरी दुखतं, पाऊलच टेकवत नाही, पोटरी सुजून गरम झालीये, तर लगेच दाखवा. तरुण मुलगा किंवा मुलगी आहे, दोन्ही टाचा दुखतायत आणि सकाळी कंबर अर्धा तासाहून जास्त आखडलेली असते, तर हा संधिवाताचा एक प्रकार असू शकतो, त्याची तपासणी वेगळी असते. खेळणारी आठ ते चौदा वर्षांची मुलं टाच दुखते म्हणाली तर ते दुखणं बहुतेक वाढत्या हाडाचं असतं, त्यांना मोठ्यांचे उपाय नको, डॉक्टरांकडे न्या.

आणि एक, हे मला मनापासून वाटतं. साडीच्या दुकानातल्या मुली, सिक्युरिटीवाले, नर्स, हे दहा-बारा तास उभे असतात आणि बसायला स्टूलही नसतं. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायलाच हवी असा कायदा केला. तुमचं दुकान असेल तर कायद्याची वाट न बघता दोन स्टुलं ठेवा. तुम्ही कामाला असाल आणि मालक ऐकणारा असेल तर डॉक्टरची चिठ्ठी दाखवून मागा, तासाला पाच मिनिटं बसलं तरी संध्याकाळी फरक कळतो.

दुखणं गेल्यावर सकाळचा बोटं ओढायचा व्यायाम अजून काही महिने चालू ठेवा. गणपतीत रात्रभर रांगेत उभं राहिलात किंवा सोमवारी रात्री चालत सिद्धिविनायकाला गेलात की ते परत डोकं वर काढू शकतं. चालत जायचं असेल तर बूट घालून जा आणि देवळापाशी काढा, अनवाणी जायचा नवस पाय बरा झाल्यावर फेडता येतो. परत दुखलंच तर पहिल्या दिवसापासून व्यायाम, बाटली आणि मऊ चप्पल सुरू करा, लवकर सुरू केलं की सहसा लवकर आटोक्यात येतं.