महाडला निघण्याआधी

चवदार तळं बघायला महाडला जायचं, तर आधी वार ठरवा. २० मार्चला, म्हणजे सत्याग्रहाच्या दिवशी, गेलात तर गावभर निळे झेंडे, पुस्तकांच्या स्टॉलवर झुंबड आणि गाडी लावायला जागा पार लांब. एकदा तरी ही गर्दी बघावीच. पण बरोबर म्हातारं माणूस असेल, तळ्याकाठी घटकाभर निवांत बसायचं असेल, तर थंडीतला साधा वार बरा. पावसाळ्यात सावित्री नदीच्या पाण्याचा अंदाज घेतल्याशिवाय निघू नका; जुलै २०२१ मध्ये बाजारपेठ पाण्याखाली गेली होती.

आम्ही चिपळूणकर गाडीनंच जातो. कशेडीला बोगदा झाल्यापासून घाटाची वळणं टळलीत, तरी आमच्या वहिनींच्या पिशवीत आलेपाक असतोच. रेल्वेनं यायचं तर स्टेशन वीर. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत आणि पुढे महाडपर्यंत रिक्षा नाहीतर एसटी बघावी लागते. टोपी, पाण्याची बाटली, न घसरणाऱ्या चपला. बाकी काही लागत नाही.

खरी तयारी घरी करायची, ती तारखांची. त्या माहीत नसतील तर पायऱ्या आणि पाणी एवढंच दिसेल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनं १९२४ च्या जानेवारीत तळं खुलं असल्याचा ठराव केलाही. तो राहिला दप्तरात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या परिषदेला जमलेल्या हजारो माणसांसह चालत तळ्यावर आले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्याच दिवशी परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. पुढे ऑगस्टात त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला! म्हणून म्हणतो, तळ्यावर जाण्याआधी नगरपालिकेवरून एक चक्कर मारा. कागद तिथला, पाणी इथलं. मधलं अंतर पायांनी मोजता येतं.

डिसेंबरात दुसरी परिषद भरली. तेव्हा बाबासाहेब बोटीनं दासगावला उतरून महाडला आले. २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. त्या आठवणीचा क्रांतिस्तंभ बघायला वेळ ठेवा. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ देऊ नये म्हणून सवर्णांनी घातलेला दावा मात्र कोर्टात रेंगाळला, हायकोर्टाचा निकाल लागला तो मार्च १९३७ मध्ये. पोरं बरोबर असतील तर हे गाडीतच सांगून टाका. माझ्या भाच्यानं तळ्यावरच विचारलं, "ठराव झाला होता ना, मग?" आणि मला उत्तर जुळवताना घाम फुटला.

गांधारपाल्याची बौद्ध लेणी हायवेलगतच आहेत. चढ आहे, तेव्हा सकाळी आधी ती उरका आणि मग गावात शिरा. उन्हं चढल्यावर वहिनी खालीच बसतात.