बोट उचलण्याआधी हूक तपासा

1 जूनच्या मासेमारी बंदीआधी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी वर काढायची घाई असते, पण हूक बघितल्याशिवाय क्रेनला हात लावू नका. मिठाचा थर आणि जुनं ग्रीस पुसून काढा, त्याखालीच चीर लपते. स्लिंग, म्हणजे बोट उचलायचा पट्टा, हुकाच्या ज्या पोटात बसतो तिथे नख फिरवा. अडकलं तर हूक बाजूला. हुकाच्या तोंडाचं (उघड्या फटीचं) माप तो नवा असतानाच वहीत लिहा. 100 मिमीचं 105 झालं, तर हूक ताणला गेलाय. झीज मूळ जाडीच्या 10 टक्क्यांवर गेली किंवा हूक पिळला, तरी बाद. वेल्डिंग मारून तो वापरायचा नाही, मालक कितीही सांगो! लॅच, म्हणजे हुकाचं तोंड बंद करणारी पट्टी, स्प्रिंगने आपोआप मिटली पाहिजे. हूक ज्याला लटकतो त्या ब्लॉकची पुली हाताने फिरवा. खरखरली तर बेअरिंग बघा.