‘बेळगावी कुंदा’ची पाटी: जाड, नक्षीदार अक्षर कसं रंगवायचं

आधी ळ काढा. पाटीवर ‘बेळगावी कुंदा’ (बेळगावची दुधाची मिठाई) लिहायचं असलं तरी मी बे पासून सुरुवात करत नाही. ळला दोन पोटं असतात आणि रेघ जाड केली की आधी तीच बुजतात. ती उघडी राहतील तेवढीच जाडी बाकीच्या अक्षरांना द्यायची.

बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारात पहिली पाटी मी एकट्यानं रंगवली, तेव्हा हे ठाऊक नव्हतं. अक्षर भरदार दिसावं म्हणून काना, गोलाई, शिरोरेघ सगळं सारखंच जाड केलं. रस्त्याच्या पलीकडून ब कुठला आणि व कुठला, कळेना. रंग ओला होता तोवरच आप्पांनी सगळं पुसायला लावलं.

आता ९ इंच उंच अक्षराला माझा काना २ इंच असतो, शिरोरेघ सव्वा इंच आणि बच्या पोटातली तिरकी रेघ अर्धा इंच. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा मोदक हा फॉन्ट बघा. त्यात पोटं केसाएवढ्या फटीपर्यंत आणलीत, आणि कागदावर ती फार गोड दिसतात. धावत्या बसमधून वाचायच्या पाटीला ते चालत नाही. तिथं मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन हा फॉन्ट जास्त शिकवून जातो.

खाका खाकी कागदावर काढा, रेघांवर टाचणीनं भोकं पाडा, कागद पाटीवर चिकटवून खडूच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थोपटा. मग ऑइलपेंट: आधी कडा, मग कडांच्या आतली भराई, दोन पातळ हात.

सावली उजवीकडे खाली टाका. आपल्या बहुतेक अक्षरांचा काना उजव्या बाजूला, म्हणून त्याची सावली दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत पडते. डावीकडे टाकली तर ती गच्या, वच्या आत शिरते आणि राखलेलं पांढरं खाऊन टाकते. जुन्या पाट्यांसारखी अंगातली बारीक पिवळी रेघ हवी असेल तर ती फक्त कान्यात आणि मोठ्या गोलाईत द्या. शिरोरेघेत दिली की ती दुबळी दिसते.

आता कन्नड. २०२४ पासून कर्नाटकात कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, तेही वरच्या अर्ध्यात. ते किरकोळ समजून बारीक ब्रशनं उरकू नका. दोन्ही लिपींना सारखंच वजन द्या. कन्नड अक्षर गोल आणि रुंद, तलेकट्टू (डोक्यावरची खूण) असला तर तो ज्याचा त्याचा सुटा, म्हणून ओळ लांबते. आधी तीच मोजा. दुकानाच्या नावात जोडाक्षर असेल तर त्याचा ओत्तू (खाली जोडलेलं दुसरं व्यंजन) खाली लोंबतो, आणि नेमकी तिथंच आपली वेलांटी वर चढते. दोन ओळींत मी निदान ४ इंच सोडतो.

‘कुं’वरचा अनुस्वार सगळ्यात शेवटी. कान्याएवढाच, २ इंच. रस्ता ओलांडून, पलीकडून बघून मगच टेकवायचा.