फाटलेला कागद पुन्हा अखंड: पतंगी कागदाचा प्रयोग हातात कसा बसवायचा

कागदाची एक पट्टी सर्वांसमोर फाडायची, तुकड्यांची पुडी करायची, फुंकर मारायची आणि तीच पट्टी अखंड उलगडून दाखवायची. जादूच्या कार्यक्रमात हा प्रयोग सोपा म्हणून सुरुवातीला ठेवतात. गुपित सोपं आहे हे खरं. कागद दोन असतात. एक फाटतो आणि त्याच्या मागे पुडी करून लपवलेला दुसरा उघडतो. पण हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा हाताच्या चुकीने नाही, तर घरी केलेल्या तयारीच्या चुकीने. म्हणून इथे जास्त जागा तयारीलाच दिली आहे.

कागद पतंगीच घ्या. क्रेप ताणला जातो, फाटत नाही. वहीचा कागद जाड असल्याने त्याची पुडी फुगते. नाशकात मेन रोड, रविवार कारंजा भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत पतंगी कागद मिळतो. येवल्याच्या पतंगांमुळे आपल्या जिल्ह्यात संक्रांतीच्या आधी त्याचे भरपूर रंग दिसतात, तेव्हाच वर्षभराचा साठा करून ठेवा. रंग गडद हवा: जांभळा, लाल किंवा गर्द हिरवा. पांढरा आणि पिवळा नको, कारण त्यातून मागची पुडी सावलीसारखी दिसते. दोन्ही पट्ट्या एकाच कागदातून कापायच्या. दोन गठ्ठ्यांतल्या लाल रंगात फरक असतो आणि तो मुलांच्या नजरेला चटकन कळतो.

कापण्याआधी कागदाची धार, म्हणजे तो कोणत्या दिशेने सरळ फाटतो ते, बघा. कोपऱ्याजवळ एकदा उभं आणि एकदा आडवं फाडून पाहा. एका बाजूने कागद सरळ फाटत जाईल, दुसऱ्या बाजूने वाकडातिकडा. ज्या दिशेने सरळ फाटतो ती दिशा पट्टीच्या रुंदीत यायला हवी, कारण प्रयोगात पट्टी रुंदीतच फाडायची आहे. हे चुकलं तर तिसऱ्या फाडीला चीर तिरकी जाऊन थेट मागच्या पुडीत शिरते.

कागदाचे दोन थर एकावर एक ठेवून पोलादी पट्टी आणि कटरने 40 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद पट्ट्या कापा. एक पट्टी तशीच बाजूला ठेवा, ती फाडायची. दुसरीची पुडी करायची. तिच्या लांबीत दर 2.5 सेंमीवर एकदा पुढे, एकदा मागे अशी उलटसुलट घडी घाला. 16 पदर होतील आणि हातात 2.5 बाय 5 सेंमीचा गठ्ठा येईल. सारखं अर्धं-अर्धं करत घडी घालू नका. ती उलगडताना चारदा थांबावं लागतं, उलटसुलट घडी मात्र एका ओढीत सुटते. घडीवरून नख फिरवू नका, बोटाने हलकेच दाबा. नखाने दाबलेल्या घडीवर पतंगी कागद ओढताना चिरतो आणि अखंड दाखवायची पट्टीच फाटते.

आता हा गठ्ठा रुंदीत मधोमध दुमडा, म्हणजे 2.5 बाय 2.5 सेंमीची चौकोनी पुडी होईल. दुमडताना पट्टीचं मोकळं टोक आत राहील आणि शेवटचा पदर बाहेर येईल असं पाहा. मोकळ्या टोकाचा कोपरा दोन मिलिमीटर दुमडून ठेवा. न बघता उघडताना बोटाला तो कोपरा लगेच लागतो.

फाडायची पट्टी पालथी ठेवा. तिच्या एका टोकाच्या 5 सेंमीच्या चौकोनात बरोबर मध्यभागी, म्हणजे तिन्ही कडांपासून सव्वा सेंमी आत, पुडी चिकटवायची आहे. ग्लू स्टिकचा ज्वारीच्या दाण्याएवढा एकच ठिपका पुरे. पातळ डिंक वापरू नका. तो कागदातून झिरपतो, समोरच्या बाजूला चकाकतो आणि वाळल्यावर सुरकुती धरतो. चिकटवण्याआधी एकदा कोरडीच पुडी धरून पालटून बघा: ती तुमच्या उजवीकडे उलगडली पाहिजे. डावीकडे जात असेल तर पुडी फिरवून लावा.

सादर करताना पट्टी छातीच्या उंचीवर आडवी धरा. पुडीचं टोक डाव्या हातात, पुडी तुमच्या बाजूला आणि तिच्यावर डावा अंगठा. बोटं प्रेक्षकांच्या बाजूला. पट्टी मधोमध फाडा. उजव्या हातातला तुकडा डाव्या हातातल्या तुकड्याच्या पुढे, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला ठेवा. हा क्रम कधीच मोडायचा नाही, नाहीतर पुडी तुकड्यांच्या मध्ये अडकते. पुन्हा मधोमध फाडा, पुन्हा उजवा भाग पुढे. तिसऱ्यांदाही तसंच. 20, 10 आणि मग 5 सेंमी, असे 8 चौकोन हातात राहतात. चौथ्यांदा फाडायचा मोह टाळा. तिथे पुडी मध्ये येते. सावकाश फाडा, आवाज ऐकू जाऊ द्या. या प्रयोगात लोक डोळ्यांइतकाच कानांवरही विश्वास ठेवतात.

मग तुकड्यांच्या चारही कडा पुढच्या बाजूला दुमडून घट्ट दाबा. आता प्रेक्षकांकडे फाटलेली पुडी आणि तिच्या पाठीला चिकटलेली अखंड पुडी, दोन्ही जवळजवळ एकाच मापाच्या.

पुढची पायरी पालटण्याची. अंगठा आणि दोन बोटांत जोडपुडी धरून अंगठ्याने ढकलली की ती उलटते, यात अवघड काही नाही. खरा प्रश्न आहे कधी पालटायची. नुसतं उभं राहून पालटलीत तर सगळ्यांना दिसतं. समोरच्या एखाद्या मुलाकडे वाका, त्याच्याकडे बघा, "बाळा, जोरात फुंकर मार" म्हणा आणि हात पुढे नेता नेता पालटा. तुमचं लक्ष हाताकडे गेलं की सगळ्यांचं तिकडेच जातं. फुंकर मारून झाल्यावर लगेच उघडू नका, दोन-तीन सेकंद जाऊ द्या. पालटणं आणि उघडणं यांत अंतर पडलं की मागून विचार करणाऱ्यालाही धागा सापडत नाही.

उघडताना आधी मधली दुमड सोडा, कोपरा पकडा आणि उजवीकडे एकसारखं ओढा. हिसका देऊ नका. फाटलेली पुडी डाव्या अंगठ्याखाली पट्टीच्या मागे राहते. पट्टी दाखवून झाली की सगळं चुरगळून खिशात टाका आणि पुढच्या प्रयोगाचं सामान त्याच खिशातून काढा. पट्टी प्रेक्षकांच्या हातात द्यायची असेल, तर ओढता ओढता डाव्या अंगठ्याने ठिपका सोडवून फाटलेली पुडी तळहातात घ्यावी लागते. त्यासाठी गोंद कमी हवा आणि सराव भरपूर. आरशासमोर महिनाभर न चुकता जमल्याशिवाय ते कार्यक्रमात करू नका.

जागा आधी बघून ठेवा. पाठीमागे खिडकी किंवा हॅलोजन असेल तर गडद कागदातूनही पुडी दिसते. उजेड समोरून हवा आणि पाठीला भिंत. सोसायटीच्या गणपतीत मुलं अगदी पुढे, जमिनीवर बसतात. तेव्हा पट्टीची वरची कड थोडी त्यांच्याकडे झुकवा, म्हणजे खालून मागची बाजू दिसत नाही. बाजूला कोणी बसलं असेल तर आधीच समोर बोलावून घ्या.

घामाचंही भान ठेवा. स्वस्त पतंगी कागदाचा रंग ओल्या बोटांना लागतो आणि जांभळा अंगठा सगळं सांगून टाकतो. रुमाल जवळ असू द्या. भाद्रपदातल्या दमट हवेत कागद मऊ पडतो, फाडताना आवाज देत नाही, पुडीचे पदर एकमेकांना धरून बसतात. तयार जोड्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि प्रयोगाच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा, त्याहून आधी नको.

गावोगावी कार्यक्रम करणाऱ्यांनी ही हातचलाखी आहे, मंत्रतंत्र नाही, हे स्वच्छ शब्दांत सांगायला हवं. असं सांगून प्रयोगाची गंमत कणभरही कमी होत नाही.

पट्टी हातात बसली की वर्तमानपत्राकडे वळा. तत्त्व तेच, पण एकच पान घ्या, जोडपान नको. दोन्ही अंक एकाच विक्रेत्याकडून, एकाच वेळी घ्या. शहर आणि ग्रामीण आवृत्तीचं पान वेगळं निघू शकतं. मोठा काळपट फोटो किंवा जाहिरात असलेलं पान निवडा आणि पुडी त्या भागाच्या मागे लावा. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं, आडवं फाडताना भरकटतं. म्हणून आधी उभ्या फाडी घ्या, आणि आडवी फाड घ्यायचीच असेल तर तिथे आधीच घडी मोडून ठेवा.