सणासाठी दाण्यांत घोळवलेले छोटे केक

चौकोनी साच्यात १८० अंश सेल्सिअसला भाजलेला साधा स्पंज केक गार झाल्यावर रात्रभर झाकून ठेवावा, कारण ताज्या केकचा चुरा फार पडतो आणि तो ग्लेझमध्ये (केकवर चढवायच्या साखर-दुधाच्या लेपात) उतरला की त्याची चकाकी जाते. दुसऱ्या दिवशी ४ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे कापावेत. चाळलेल्या २५० ग्रॅम आयसिंग शुगरमध्ये ३ ते ४ मोठे चमचे कोमट दूध थोडेथोडे घालत, चमच्यावरून जाड धारेने सावकाश ओघळेल असे ग्लेझ करावे. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, सोलून जाडसर कुटावेत. मिक्सरमध्ये जास्त फिरवल्यास त्यांना तेल सुटते, म्हणून मला खलबत्ताच योग्य वाटतो. प्रत्येक तुकडा काट्यावर धरून ग्लेझमध्ये बुडवावा, निथळू द्यावा आणि ओला असतानाच दाण्यांत घोळवून जाळीवर सुकवावा.